दाखवायचा वेग वेगळा, वापरायचा वेगळा: गॅलक्सी एस२२ आणि ‘जीओएस’ प्रकरण

९ फेब्रुवारी २०२२ रोजी सॅमसंगनं गॅलक्सी एस२२ मालिका जाहीर केली आणि २५ तारखेपासून दक्षिण कोरिया, अमेरिका वगैरे देशांत फोन विक्रीला आले. जाहिरातीचा सगळा भर चिपवर होता. गॅलक्सीमधली आजवरची सर्वांत वेगवान चिप, आणि तीही ४ नॅनोमीटरची, असा दावा होता. भारतात साध्या एस२२ ची किंमत ७२,९९९ रुपयांपासून सुरू व्हायची आणि एस२२ अल्ट्राची १,०९,९९९ पासून. आपल्याकडच्या ग्राहकांना या दाव्याचं जरा जास्तच अप्रूप होतं. एस मालिकेतल्या मुख्य फोनांत अमेरिकेला क्वालकॉम कंपनीची स्नॅपड्रॅगन आणि भारताला सॅमसंगची स्वतःची एक्सिनॉस चिप, ही वाटणी इथे वर्षानुवर्षं लोकांना खुपत होती. एस२२ च्या वेळी भारताला स्नॅपड्रॅगन ८ जेन १ मिळाली, तेव्हा अनेकांनी ‘आता पूर्ण पैसे वसूल’ म्हणून नोंदणी केली.

विक्री सुरू होऊन दोन आठवडेही झाले नव्हते, तेवढ्यात गीकबेंच या वेगमापन ॲपच्या कर्त्यांनी एस२२, एस२१, एस२० आणि एस१० या चारही मालिका आपल्या अँड्रॉइड क्रमवारीतून काढून टाकल्या. मार्चच्या मध्यावर सॅमसंगच्या वार्षिक सभेत कंपनीच्या प्रमुखांना भागधारकांपुढे वाकून माफी मागावी लागली. मधल्या काळात काय उघड झालं, ते नीट समजून घ्यायला हवं. कारण ‘सॅमसंगनं फोन स्लो केले’ या एका वाक्यात लोकांनी ते प्रकरण गुंडाळलं, आणि त्या वाक्यात खरा दोष कुठेच येत नाही.

जीओएस म्हणजे काय

जीओएस म्हणजे ‘गेम ऑप्टिमायझिंग सर्व्हिस’. ही सेवा फोनमध्ये आधीपासून बसवलेली असते. गेम सुरू झाला की तो ओळखायचा, आणि फोन फार तापू नये म्हणून प्रोसेसर व ग्राफिक्सची गती, पडद्याचं रिझोल्यूशन यांना लगाम घालायचा, हे तिचं काम. एस२२ बरोबर ती जन्माला आली असं नाही, आधीच्या फोनांतही ती होती. फरक असा की आधी जाणकार लोक ती बंद करत किंवा तिला वळसा घालत. वन यूआय ४ या आपल्या सॉफ्टवेअरच्या आवृत्तीपासून कंपनीनं त्या पळवाटा बुजवल्या. सेवा सक्तीची झाली आणि सेटिंग्जमध्ये तिच्यासाठी कुठेही बटण नव्हतं.

लगाम घालण्यामागचं कारण खोटं नव्हतं. चिपची घड्याळगती वाढवली की विजेचा खर्च तेवढ्याच प्रमाणात वाढत नाही, त्याहून बराच जास्त वाढतो. गती वाढवायची तर व्होल्टेजही वाढवावं लागतं आणि खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत जातो. त्यामुळे शेवटच्या दहा-पंधरा टक्के वेगासाठी भरमसाट वीज लागते, आणि ती सगळी उष्णता होऊन हाताला लागते. फोनला पंखा नसतो. काच आणि धातूच्या एवढ्याशा कवचातून चार-पाच वॅटच्या वर उष्णता सतत बाहेर टाकणं त्याला झेपत नाही. स्नॅपड्रॅगन ८ जेन १ पूर्ण ताकदीनं चालली की ही मर्यादा सहज ओलांडायची. ती चिप आणि एक्सिनॉस २२०० या दोन्ही सॅमसंगच्याच ४ नॅनोमीटर कारखान्यात बनत होत्या, आणि त्या पिढीच्या चिप तापतात ही तक्रार सॅमसंगपुरती नव्हती. क्वालकॉमनं त्याच वर्षीची सुधारित ८ प्लस जेन १ तैवानच्या टीएसएमसीकडून बनवून घेतली. पुढच्या वर्षी एस२३ मध्ये सॅमसंगनं जगभर टीएसएमसीत बनलेली स्नॅपड्रॅगन वापरली.

तापण्याबद्दल सॅमसंग इतरांपेक्षा जास्त हळवी असणार, हेही समजण्यासारखं आहे. २०१६ मध्ये नोट ७ च्या बॅटऱ्यांनी पेट घेतला, सुमारे २५ लाख फोन परत बोलवावे लागले आणि अखेर ते मॉडेलच बंद करावं लागलं. भारतात तर तो विक्रीलाही आला नव्हता, तरी विमानात ‘नोट ७ बंद ठेवा’ अशी घोषणा व्हायची. ज्या कंपनीनं ते वर्ष पाहिलं, तिथले अभियंते तापमानाची मर्यादा जरा आधीच आखणार. त्यात मला काहीही गैर वाटत नाही.

म्हणून ‘वेग कमी केला’ हा आरोप मी इथे लावत नाही. तापल्यावर वेग कमी करणं हे प्रत्येक फोन करतो, लॅपटॉप करतो, आणि त्यानं ते केलंच पाहिजे. प्रश्न आहे तो वेग कोणासाठी कमी केला, कशावरून ठरवून केला आणि कोणाला सांगून केला, याचा.

नाव बदललं, वेग बदलला

हे उघड झालं ते एका साध्या प्रयोगातून. कोरियातल्या वापरकर्त्यांमध्ये कुजबुज होतीच की गेममध्ये फोन अपेक्षेपेक्षा मंद चालतो. मार्चच्या सुरुवातीला एका कोरियन यूट्यूबरनं थ्रीडीमार्क हे ग्राफिक्स मोजणारं ॲप घेतलं आणि त्याचं फक्त पॅकेज-नाव बदललं.

अँड्रॉइडवरच्या प्रत्येक ॲपला दोन नावं असतात. एक चिन्हाखाली दिसतं ते, आपल्यासाठी. दुसरं आतलं, यंत्रणेसाठी. आधी ‘कॉम’, मग टिंब, मग कंपनीचं नाव, पुन्हा टिंब आणि शेवटी ॲपचं नाव, अशी त्याची घडण असते. यंत्रणा ॲपला या आतल्या नावानंच ओळखते. त्या यूट्यूबरनं थ्रीडीमार्कच्या आतल्या नावाच्या जागी गेन्शिन इम्पॅक्ट या गेमचं नाव घातलं. ॲप तेच, त्यातली आज्ञावली तीच, चाचणीचं दृश्यही तेच. फोनला मात्र वाटलं की गेम सुरू झाला.

गुण निम्म्याहून खाली आले.

या प्रयोगाची ताकद अशी की त्यात सबबीला जागाच राहत नाही. फोन तापला होता म्हणून वेग उतरला, असं म्हणता येत नाही, कारण खऱ्या नावानं चालवलं तेव्हाही तोच फोन तेवढंच काम करत होता आणि तेवढाच तापत होता. चाचणी जड होती असंही नाही, कारण चाचणी बदललेलीच नाही. बदललं ते फक्त नाव. म्हणजे निर्णय तापमान बघून होत नव्हता, नाव बघून होत होता.

गीकबेंच बनवणाऱ्या प्रायमेट लॅब्जनंही आपलं ॲप असंच वेश बदलून चालवून पाहिलं आणि वेग घसरतो याची खात्री करून घेतली. मग ५ मार्चला त्यांनी भूमिका मांडली. जीओएस ॲपचं वागणं बघून नव्हे तर त्याची ओळख बघून वेग कमी करायचं की नाही ते ठरवतं, आणि गीकबेंचसह सगळ्या मुख्य बेंचमार्क, म्हणजे वेग मोजणाऱ्या, ॲपना त्यातून सूट आहे, म्हणून आम्ही याला बेंचमार्कमधली लबाडीच समजतो, असा त्याचा सारांश. चारही मालिका क्रमवारीतून गेल्या.

गावच्या शाळेत तपासणीला साहेब येणार म्हटलं की त्या दिवसापुरता फळा लख्ख असतो आणि मुलं गणवेशात असतात. जीओएसची रचना तशीच होती. वेग मोजणारा दारात आला की फोन पूर्ण ताकदीनं धावायचा. फोन ज्यानं विकत घेतला तो माणूस खेळायला बसला की लगाम लागायचा.

दहा हजार नावांची यादी

त्याच दिवसांत जीओएसशी जोडलेली ॲपची एक यादी फिरू लागली. तिच्यात सुमारे १०,००० नावं होती. गेम होतेच, पण इन्स्टाग्राम, टिकटॉक, नेटफ्लिक्स, मायक्रोसॉफ्ट ऑफिस, गूगल कीप अशीही नावं होती, इतकंच काय, सॅमसंगची स्वतःची काही ॲपही होती. थ्रीडीमार्क, गीकबेंच, अँटूटू ही वेग मोजणारी ॲप मात्र त्यात नव्हती.

इथे थोडं थांबून बघायला हवं, कारण बातम्यांमध्ये याच ठिकाणी बरीच गल्लत झाली. ‘सॅमसंग नेटफ्लिक्स आणि इन्स्टाग्राम मुद्दाम मंद करते’ असे मथळे जगभर आले. सॅमसंगचं म्हणणं होतं की जीओएस गेम सोडून इतर ॲपच्या कामगिरीला हात लावत नाही. यादीत नाव आहे म्हणजे वेग कमी केलाच, असं सिद्ध होत नाही. यंत्रणेला कुठलं ॲप गेम आहे आणि कुठलं नाही हे ठरवण्यासाठीही नावांची नोंद ठेवावी लागते. नेटफ्लिक्सवर सिनेमा बघायला तसंही चिपच्या पूर्ण ताकदीची गरज पडत नाही. म्हणून यादीतली इतर ॲप मंद होत होती, हा आरोप मी बाजूला ठेवतो.

पण तो बाजूला ठेवला तरी गेमबद्दलचा आरोप तसाच्या तसा उभा राहतो, आणि मला तोच जास्त गंभीर वाटतो. सत्तर हजारांपासून लाखापर्यंतचा फोन कोण घेतं आणि का घेतं? फोन, व्हॉट्सॲप, यूपीआय आणि नकाशा एवढीच गरज असेल तर पंधरा-वीस हजारांत भागतं. वेगवान चिपसाठी ज्यानं जास्तीचे पैसे मोजले, त्यातला मोठा गट गेम खेळणाऱ्यांचा. म्हणजे ज्या कामासाठी वाढीव किंमत घेतली, नेमक्या त्याच कामाला मर्यादा घातली. आणि ज्या ॲपमध्ये कोणी एक मिनिटही करमणूक करत नाही, केवळ आकडा बघतं आणि बंद करतं, तिथे पूर्ण वेग मोकळा ठेवला. मर्यादा तांत्रिक असती तर ती दोन्हीकडे सारखी लागली असती.

कंपनीनं काय सांगितलं, काय केलं

सॅमसंगचं पहिलं उत्तर ठरावीक साच्याचं होतं. ग्राहकांना सर्वोत्तम अनुभव द्यायचा आहे, तापमान आवाक्यात ठेवून गेम चांगले चालावेत यासाठी जीओएस आहे, वगैरे. मात्र त्याच निवेदनात, वापरकर्त्यांना स्वतः निवड करता येईल असं अपडेट देऊ, हेही होतं. १० मार्चच्या सुमारास कोरियात ते अपडेट यायला सुरुवात झाली आणि मग बाकीच्या देशांत. गेम बूस्टर या गेमसाठीच्या सेटिंग्जच्या ‘लॅब्ज’ विभागात एक नवं बटण आलं. ते चालू केलं की जीओएसचा सुरुवातीचा लगाम सुटतो, आणि फोन खरोखर तापला तरच वेग उतरतो.

या बटणाकडे जरा निरखून पाहा. तापमानाचं संरक्षण ते काढत नाही, ते आपल्या जागी राहतं. काढलं जातं ते फक्त नाव पाहून आधीच घातलेलं बंधन. हे काही दिवसांत करता आलं, याचा अर्थ सुरक्षेसाठी सक्तीची गरज कधीच नव्हती. असं बटण पहिल्या दिवसापासून ठेवता आलं असतं. सोबत दोन ओळी पुरल्या असत्या, की गेम खेळताना फोन गार राहावा आणि बॅटरी टिकावी म्हणून आम्ही वेग कमी ठेवतो, तुम्हाला नको असेल तर इथे बंद करा. बहुतेक लोकांनी ते चालूच ठेवलं असतं. मीही ठेवलं असतं. गार फोन आणि टिकणारी बॅटरी हवी असणं यात कमीपणा नाही. पण मग ‘सर्वांत वेगवान’ या शब्दांखाली एक फुली आणि एक तळटीप द्यावी लागली असती, आणि ती तळटीप विक्री विभागाला नको होती, असाच निष्कर्ष मी काढतो.

१६ मार्चला सुवनमध्ये वार्षिक सभा झाली. उपाध्यक्ष हान जोंग-ही यांनी ग्राहकांच्या अपेक्षांना आपण उतरलो नाही, असं म्हणून वाकून माफी मागितली. कोरियात कंपनीच्या प्रमुखानं जाहीरपणे असं वाकणं ही लहान गोष्ट नाही. पण त्याच सभेत मोबाइल विभागाचे प्रमुख रो ते-मून यांची संचालक मंडळावर निवड झाली. छोट्या भागधारकांचा विरोध होता, तरी बहुमत भक्कम मिळालं. कोरियाच्या फेअर ट्रेड कमिशननं जाहिरातींच्या अंगानं चौकशी हाती घेतली, आणि हजारांहून अधिक ग्राहकांनी प्रत्येकी ३ लाख वॉनची भरपाई मागत सोलच्या न्यायालयात दावा लावला.

ही पहिली वेळ नव्हती

सॅमसंगच्या बाबतीत सगळ्यात जास्त खटकतं ते हे की तिनं हा धडा एकदा आधी घेतला होता. २०१३ मध्ये आनंदटेक या संकेतस्थळानं गॅलक्सी एस४ तपासला. त्याच्या एक्सिनॉस आवृत्तीत ग्राफिक्सची गती एरवी ४८० मेगाहर्ट्झवर अडवलेली असायची. काही ठरावीक बेंचमार्क ॲप सुरू झाली की तीच ५३० च्या वर जायची. फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी नावानिशी यादी होती आणि आज्ञावलीत ‘बेंचमार्क बूस्टर’ असे शब्दही सापडले. काही महिन्यांत नोट ३ मध्येही तोच प्रकार निघाला. एस४ च्या प्रकरणात अमेरिकेत सामूहिक दावा झाला आणि २०१९ मध्ये सॅमसंगनं १ कोटी ३४ लाख डॉलरची तडजोड मान्य केली.

२०१३ आणि २०२२ ची रचना शेजारी-शेजारी ठेवा. २०१३ मध्ये चाचणीच्या ॲपची यादी होती आणि त्यांच्यासाठी वेग वाढवला जायचा. २०२२ मध्ये वापराच्या ॲपची यादी होती, त्यांचा वेग कमी केला जायचा आणि चाचणीची ॲप यादीबाहेर राहायची. यादी उलटी झाली, ग्राहकाच्या हातात उरलेला फरक तोच राहिला. दुसऱ्या पद्धतीत कंपनीला असंही म्हणता येतं की आम्ही चाचणीसाठी काहीच वाढवलेलं नाही. ते अक्षरशः खरं आहे आणि तरीही दिशाभूल करणारं आहे.

या वाटेवर सॅमसंग एकटी नाही, हे सांगायलाच हवं. जुलै २०२१ मध्ये आनंदटेकनंच वनप्लस ९ आणि ९ प्रो मध्ये क्रोमसारखी लोकप्रिय ॲप मुद्दाम चिपच्या मंद गतीच्या गाभ्यांवर (कोअरवर) चालवली जातात आणि बेंचमार्कना हा नियम लागत नाही, हे दाखवलं. गीकबेंचनं ते दोन्ही फोनही यादीतून काढले. सुमारे ३०० लोकप्रिय ॲपची गरज बघून आपण कामगिरी जुळवतो, असं कंपनीनं कबूल केलं. एस२२ च्या गदारोळानंतर गीकबेंचच्याच लोकांना शाओमीच्या एका वरच्या फोनमध्येही नाव बघून वेग ठरवण्याचा प्रकार आढळला. आपल्या बाजारातली ही तिन्ही ओळखीची नावं आहेत.

ॲपलचं बॅटरी प्रकरण थोडं वेगळं आहे, पण त्यातून एक गोष्ट फार स्वच्छ दिसते. जानेवारी २०१७ च्या आयओएस १०.२.१ पासून जुन्या बॅटरीच्या आयफोनचा वेग कमी केला जात होता. बॅटरी जुनी झाली की अचानक जास्त वीज देऊ शकत नाही आणि फोन मधेच बंद पडतो, तो पडू नये हा उद्देश. उद्देश ठीक होता, पण सांगितलं नव्हतं. डिसेंबर २०१७ मध्ये एका वापरकर्त्यानं बॅटरी बदलल्यावर आपल्या आयफोनचे गीकबेंच गुण एकदम वाढल्याचं दाखवलं, आणि मग कबुली, माफी, भारतात ६,५०० ऐवजी करांव्यतिरिक्त २,००० रुपयांत बॅटरी बदलून देणं हे सगळं झालं. फेब्रुवारी २०२० मध्ये फ्रान्सच्या ग्राहक संरक्षण विभागानं ॲपलला २ कोटी ५० लाख युरोंचा दंड केला. तो दंड फोन मंद केल्याबद्दल नव्हता. अपडेटमुळे फोन मंद होऊ शकतो हे ग्राहकाला न सांगितल्याबद्दल होता. शिवाय ही बातमी कंपनीच्या फ्रेंच संकेतस्थळावर महिनाभर ठेवायची सक्ती झाली. जीओएसलाही नेमका हाच निकष लावायला हवा.

हेच भारतात घडलं तर

एस२२ घेणाऱ्या भारतीय ग्राहकाला ते बटण मिळालं, पण त्यापलीकडे काही नाही. आपल्याकडे कायदा नाही म्हणून असं झालं, असा समज असेल तर तो चुकीचा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(२८) मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे. खोटं वर्णन, खोटी हमी यांच्यासोबत ‘महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं’ हेही तिच्यात स्पष्ट नमूद आहे. ‘सर्वांत वेगवान’ म्हणायचं आणि गेममध्ये वेग कमी ठेवतो हे गाळायचं, हे मला या कलमात सरळ बसणारं वाटतं.

जीओएस प्रकरणानंतर तीनच महिन्यांनी, ९ जून २०२२ ला, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. जाहिरातीतला खुलासा दाव्यातली महत्त्वाची माहिती लपवणारा नसावा, आणि तो दावा ज्या भाषेत केला त्याच भाषेत असावा, असं त्यात आहे. आता कुठल्याही मराठी वृत्तपत्रातली पानभर फोनची जाहिरात उघडा. दावा ठसठशीत मराठीत असतो आणि तळाशी मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत ‘प्रयोगशाळेतल्या चाचणीवर आधारित, प्रत्यक्ष वापरात फरक पडू शकतो’ हे बहुतेकदा इंग्रजीत असतं. तो खुलासा मराठीत मागणं हा भाषाप्रेमाचा मुद्दा नाही, ग्राहक म्हणून मिळालेला हक्क आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, एवढ्याच मुद्द्यावर तक्रार नोंदवता येते.

दुबळी बाजू दंडाची आहे. प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं. १० लाख म्हणजे नऊ एस२२ अल्ट्रांची किंमत. एवढ्या रकमेनं कुठल्याही मोठ्या कंपनीचा जाहिरात विभाग एक वाक्यही बदलणार नाही. त्यापेक्षा त्याच कायद्याच्या कलम ३५ चा रस्ता मला जास्त उपयोगाचा वाटतो. सारखंच नुकसान झालेले लोक ग्राहक आयोगाच्या परवानगीनं सगळ्यांच्या वतीनं एकच तक्रार दाखल करू शकतात. एकट्यानं ७३ हजारांच्या फोनसाठी वकील लावणं कोणालाच परवडत नाही, पाचशे जणांनी मिळून लावणं परवडतं. कोरियातल्या ग्राहकांनी तेच केलं. आपल्याकडे मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांना सामूहिक लढ्याचा अनुभव आहे, पण फोनच्या सॉफ्टवेअरबद्दल असा दावा उभा करायला तांत्रिक पुरावा लागतो, आणि तो गोळा करायचं काम जाणकार वापरकर्त्यांनाच करावं लागेल.

पुरावा कसा गोळा करायचा

आपल्याकडे फोन विकले जातात ते एका आकड्यावर. दुकानाच्या पाटीवर, ऑनलाइन सेलच्या चित्रात अँटूटूचे लाखांतले गुण ठळक छापलेले असतात. तो आकडा म्हणजे फोनचा थंड अवस्थेतला, काही मिनिटांपुरता, कोणी बघत असतानाचा वेग. शिवाय अशा चाचण्या बहुधा वातानुकूलित खोलीत होतात. मे महिन्यात अकोल्यात किंवा नागपुरात पारा ४५ ला टेकलेला असताना, दुपारी दुचाकीच्या हँडलला लावलेल्या फोनवर नकाशा चालू ठेवून डिलिव्हरी करणाऱ्या मुलाला मिळणारा वेग त्या आकड्याच्या जवळपासही नसतो. त्याच्यासाठी कुठली कंपनी आकडा छापत नाही.

मराठीत फोनची परीक्षणं करणारे आता बरेच आहेत आणि त्यांच्या शब्दावर लोक पैसे खर्च करतात. त्यांच्याकडून दोन गोष्टींची अपेक्षा आहे. पहिली सोपी. थ्रीडीमार्कमध्ये ‘वाइल्ड लाइफ स्ट्रेस टेस्ट’ असते. तीच चाचणी ती २० वेळा, म्हणजे सुमारे २० मिनिटं, लागोपाठ चालवते आणि शेवटी सर्वांत चांगल्या फेरीचे गुण, सर्वांत वाईट फेरीचे गुण आणि स्थिरतेची टक्केवारी दाखवते. परीक्षणात पहिला आकडा सांगायचाच असेल तर दुसरा त्याच्या शेजारी सांगावा, आणि त्या वेळी खोलीत तापमान किती होतं तेही.

दुसरी गोष्ट त्या कोरियन यूट्यूबरनं दाखवली ती. बेंचमार्क ॲपचं पॅकेज-नाव बदलून, ते एखाद्या लोकप्रिय गेमच्या नावानं चालवून बघायचं. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. अँड्रॉइडचं थोडंफार ज्ञान असलेल्या विद्यार्थ्याला संगणकावर हे जमतं. खऱ्या नावाचे गुण आणि उसन्या नावाचे गुण सारखे आले तर त्या कंपनीनं निदान या बाबतीत ग्राहकाला फसवलेलं नाही, असं निर्धास्त सांगता येईल. फरक आला तर दोन्ही आकडे, फोनचं मॉडेल, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि तारीख यांच्यासह जपून ठेवायचे, आणि चाचणीचं सलग चित्रीकरण करायचं. उद्या आयोगापुढे जायची वेळ आली, तर जाहिरातीच्या कात्रणाबरोबर हीच कागदपत्रं लागतील.